निळ्या पेन्सिलीचा ठिपका

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की वर्ध्याच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. गाड्या शिगोशीग भरलेल्या असतात. पांढरा ढीग दोन्ही अंगांनी बाहेर झुकलेला असतो आणि रस्त्यावर वाकलेल्या बाभळी प्रत्येक गाडीतून थोडा थोडा काढून घेतात. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले की सिंदी मेघेहून शाळेकडे जाताना मला ही झाडं दिसू लागतात. लांबून वाटतं, फुललीत. जवळ गेलं की काटे दिसतात.

हे दिवस आले की मला कुणाला तरी काहीतरी सांगायचं राहून गेलं आहे असं वाटत राहतं. वर्गात मुली कविता म्हणत असतात, खिडकीबाहेरून गाड्या करकरत सरकी काढायच्या जिनाकडे जातात, हवेत तंतू तरंगत येतात, एखादा फळ्यावर चिकटतो. मी तो पुसत नाही.

यंदा गाड्यांबरोबर नारायणकाकाही आले. सायकल भिंतीला टेकवली, खांद्यावरची खादीची पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बेटा, आबाजींचा स्मृतिग्रंथ काढतो आहोत. इंग्रजी भाग तू करायचा. तुझ्याशिवाय कोण आहे?"

आबाजींना जाऊन आता तीन वर्षं होतील. त्यांची पुस्तकं दूरदूरच्या लोकांनी वाचली, तुरुंगात असताना त्यांनी शिक्षेविषयी जे पुस्तक लिहिलं त्याच्यावर परदेशातून पत्रं येत. सेवाग्राम बघायला आलेले पाहुणे परत जाताना वाट वाकडी करून त्यांच्याकडे दोन घटका बसत. लोक त्यांना विचारवंत म्हणत, पुढारी म्हणत. ते स्वतःला सूत कातणारा म्हातारा म्हणत. नदीच्या वर, खडकाळ माळावर, बारा-पंधरा झोपड्यांचा त्यांचा आश्रम होता. नारायणकाका तिथले व्यवस्थापक. माझ्या वडिलांचे जुने स्नेही. सहा वर्षांपूर्वी मी तिथे एकच हिवाळा राहिले. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत.

पिशवीत टंकलेल्या कागदांचा गठ्ठा होता. वरच्याच पानावर शीर्षक होतं, 'सुताचा उपवास: एक प्रेरक प्रसंग'. आश्रमातल्या एका शिकाऊ मुलीने सुताच्या बाबतीत खोटेपणा केला. आबाजींनी तिला एक शब्दही न बोलता स्वतः पाच दिवस उपवास केला. मुलीचं हृदय पालटलं आणि पश्चात्तापाने शुद्ध होऊन ती आपल्या गावी परतली. पान संपलं. त्या पानात मी कुठेच नव्हते.

"काका," मी म्हटलं, "हे असं नव्हतं झालं."

"असंच झालं बेटा. तूही होतीस, मीही होतो. मी तर हेच पाहिलं."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी खरोखर तेच पाहिलं होतं.

*

मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत वाढले. तिथे मराठी बोललं तर भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे. बाबा सचिवालयात होते. पुढे राजधानी हलली आणि तेही कचेरीच्या फायलींसारखे मुंबईला गेले. इंटरची परीक्षा झाल्यावर त्यांनी ठरवलं की मुलीला आपल्या मातीची ओळख हवी. आबाजींना इंग्रजी पत्रांची उत्तरं लिहायला कुणीतरी हवंच होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय हवं ते सांगू शकले असते असं नाही. लोकांसमोर माझा आवाज घशाच्या तळाशी जाऊन बसतो, तो अजूनही तसाच आहे.

आश्रमात सकाळ घंटेने व्हायची. थंडी अशी की विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात उबदार वाटे. दळण, झाडलोट, मग कातणं. बिनमिठाचा भोपळा आणि ज्वारीची भाकर. दुपारी मी आबाजींसमोर चटईवर बसून पत्रांची उत्तरं लिहून घेई. त्यांचा खोकला, खोकल्यानंतर ते वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचलणं, आणि खिडकीतून दिसणारं पलीकडच्या शेतातलं कापसाचं पांढरं. वेचणाऱ्या बायांच्या हसण्याचा आवाज आमच्यापर्यंत येई, शब्द येत नसत.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर नारायणकाका एकेकाचं नाव पुकारत आणि ज्याने त्याने आपण दिवसभरात किती तार सूत कातलं तो आकडा सांगायचा. एवढंच. आकडा कमी असला तरी कुणी काही म्हणत नसे. पण त्या काही न म्हणण्याला एक वजन होतं. माझं नाव आलं की मी आकडा पुटपुटायची आणि काका म्हणत, "बेटा, सूत बारीक असावं, आवाज नाही." लोक हसत. मला जमिनीत जावंसं वाटे.

प्रार्थनेआधी एक काम असायचं. प्रत्येकाने आपली रोजनिशी आबाजींच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. सकाळच्या घंटेनंतर ती परत मिळायची, आणि तिच्यात त्यांचा शेरा असायचा, निळ्या पेन्सिलीने. पेन्सिल दोन टोकांची होती, एक लाल, एक निळं. लाल टोकाला त्यांनी कधी धार केली नाही. "लाल रंगाला मास्तरचा वास येतो," म्हणायचे. माणसं भाकरीच्या आधी शेरा पाहत. मोठाली माणसं, तुरुंग पाहून आलेली, विहिरीच्या काठावर पाठ करून उभी राहून वही उघडत.

माझ्या वहीत पहिले पंधरा दिवस असलं काहीतरी होतं: 'आज थंडी होती. ज्वारी दळली. पाच पत्रे लिहिली.' सोळाव्या दिवशी खाली निळ्यात आलं, 'थंडी सगळ्यांनाच होती. तुझं काय?'

मी ती ओळ दिवसभर मनात घोळवली. मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं.

*

वच्छलाची आणि माझी झोपडी एकच. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तळेगावच्या कास्तकाराची मुलगी. तेच तळेगाव, आष्टीकडचं, ज्याच्या नावामागे श्यामजी पंत लावतात. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी नवरा गेला. सासरचं दार बंद झालं, माहेरचं अर्धं उघडं राहिलं. चौथी शिकलेली होती. आश्रमात वर्षभर राहून शिकलं, कातणं-विणणं-शिकवणं नीट जमलं, की गावात निघणाऱ्या बालवाडीसाठी आबाजींच्या सहीची चिठ्ठी मिळणार होती. भावाने एक वर्ष दिलं होतं, एका अटीवर. ती अट तिने मला पहिल्याच आठवड्यात हसत हसत सांगितली.

"दादा म्हणे, काई बोल लागला त गाडी जुपून घेऊन येईन. मी म्हटलं, बोल लागाले मी तोंड तं उघडलं पायजे!"

आणि तोंड तर तिचं सदा उघडं असे. मला ती मडमबाई म्हणायची. माझ्या चरख्यासमोर बसून माझा तमाशा बघायची. माझा तार सारखा तुटायचा. कापसाचा पेळू हातात घट्ट धरला की जाड येई, सैल सोडला की निसटे.

"हे सूत होय का सुतळी वं?" ती म्हणायची. "बैल बांधतात याले. त्या पेळूनं तुहं काय वाईट केलं? काऊन गळा दाबून राह्यली त्याचा?"

"मला जमत नाही."

"जमत नाई म्हनून रडते काऊन? आन इकडं."

ती माझा पेळू घ्यायची आणि तिच्या बोटांतून तार असा निघायचा की जणू तो कापसात आधीपासून होताच, तिने फक्त त्याला वाट दाखवली. मी तिला त्या बदल्यात भूगोल सांगायची. नकाशात समुद्र कुठे आहे ते. तिने समुद्राच्या निळ्या कागदावर बोट फिरवलं आणि विचारलं, "येवढं पानी कोन्याच्या कामाचं नाई? मंग ठेवलं काऊन?" बालवाडीतल्या पोरांना हेच सांगणार, म्हणाली. म्हणजे ती मनाने तिथे पोचलेलीच होती. टोपलीवर उभी राहून पोरांना गप्प बसवायची नक्कल करी. 'ए गनप्या, नाकातलं बोट काढ, मास्तरीनबाई पाहून राह्यली.' त्या नकलेत तिचा पदर नीट खांद्यावर यायचा, आवाज भरदार व्हायचा. एरवी ती स्वतःला एवढं सरळ ठेवत नसे.

मार्गशीर्षात नारायणकाकांनी सांगितलं की आता प्रत्येकाने आठवड्याच्या आठवड्याला आपल्या सुताच्या गुंड्या, म्हणजे मोजलेल्या लडी, नावाची चिठ्ठी बांधून द्यायच्या. त्या आठवड्यात माझ्या टोपलीत अर्धीमुर्धी एक होती. शनिवारी पाहिलं तर चार. बारीक, एकसारख्या, आणि प्रत्येकीला माझ्या नावाची चिठ्ठी, वच्छलाच्या मोठ्या, भिंतीला टेकल्यासारख्या अक्षरात.

"हे काय?"

"काई नाई. घारीनं आनून टाकलं असंन." मग हळू आवाजात, "आपलं झाल्यावर कातलं मी. माहे हात रिकामे राह्यले का मले कसंतरीच होते. तू आपली चूप राय. बाबूच्या पोरीची इज्जत काऊन घालवाची?"

मी चूप राहिले. तीन आठवडे. प्रार्थनेत माझा आकडा वाढला. काका म्हणाले, "पाहा, शहरातल्या मुलीने काय प्रगती केली." आबाजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं. हे मी आज लिहू शकते. त्या वेळी वाटलं होतं की ते मला बोचलं.

*

आबाजींच्या शिक्षेविषयीच्या पुस्तकाची पहिली प्रकरणं मी त्याच दिवसांत इंग्रजीत उतरवत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. शिक्षा ही आळशी माणसाची युक्ती आहे. दुसऱ्याला दोष लावला की स्वतःकडे पाहायचं राहतं. म्हणून सोबतच्या माणसाकडून चूक झाली तर त्याला बोलायचं नाही, आपण आपलं अन्न सोडायचं. जो त्रास व्हायचा तो आपल्या शरीराला. मला ते इतकं सुंदर वाटलं की चटईवर बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले. शाळेत भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या मुलीला ते सुंदर वाटणारच.

त्याच दिवशी संध्याकाळी मी वहीत लिहिलं: 'माझे सूत माझे नाही. तीन आठवडे ते वच्छला कातते. मी खोटे आकडे सांगते.'

लिहिताना आतून मी उजळून निघाल्यासारखी झाले होते. खरं बोलण्यात एवढा आनंद असतो हे मला माहीत नव्हतं. वही कट्ट्यावर ठेवून येताना पाय हलके पडत होते. आज वाटतं, त्यात खऱ्याची ओढ फार थोडी होती. मला शेरा हवा होता. 'तुझं काय?' असं विचारणाऱ्या माणसाला देण्यासारखं माझ्याजवळ तोवर काही नव्हतं. आता सापडलं होतं. ते दुसऱ्या कुणाचं होतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी वही आली. निळ्यात होतं, 'लिहिलेस, तू मोकळी झालीस. आता माझे काम.'

त्या दिवशी आबाजींनी तीन दिवसांचा उपवास आणि मौन जाहीर केलं. पाटीवर लिहून दाखवलं, 'आपल्यात सुताच्या आकड्याची भीती शिरली, हा माझा दोष आहे.' कुणाचं नाव नव्हतं. पण आश्रमात पंचवीस माणसं. वह्या कट्ट्यावर सगळ्यांच्या हाताशी असत; दुपारपर्यंत नाव सगळ्यांना माहीत झालं. माझं नाही, वच्छलाचं. मी पाहुणी होते. मी तर कबूल केलं होतं, मी धीट ठरले. कातणारे हात तिचे होते, चिठ्ठीवरचं अक्षर तिचं होतं.

कुणी तिला बोललं नाही. हेच सांगायचं आहे आणि हेच कुणाला समजावता येत नाही. स्वयंपाकघरात ती आली की बायका भाकरी थापत राहायच्या, तिला पुढे पीठ सरकवायच्या, अगदी नीट. फक्त कुणीतरी म्हणे, "आज त्यांनी पाणीसुद्धा दोनच घोट घेतलं." आणि थापण्याचा आवाज थांबे. वच्छला त्या आवाजाच्या थांबण्यात उभी राहायची. दुसऱ्या दिवशी तिनेही भाकर सोडली तर काका म्हणाले, "तू जेव बाळ, त्यांनी तुझ्यासाठीच तर सोडलं आहे." ती जेवली. प्रत्येक घास तिच्या घशातून उतरताना मी पाहिला.

मी तिची माफी मागितली. माझ्या पुस्तकी मराठीत मी म्हटलं, "मला तुला दुखवायचं नव्हतं. मी फक्त माझी चूक लिहिली."

ती चरख्याची चाती पुसत होती. म्हणाली, "माहीत हाय मले. तू खोटं कुठी लिवलं?" मग चाती परत बसवत, "मले आदी सांगतलं असतं त मीच गेली असती त्याच्याकडं. हासत हासत सांगतलं असतं. बुढा हासला असता."

खरंच हसला असता. आजही मला ते त्यांचं न झालेलं हसू ऐकू येतं.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. बातमी बाजाराच्या वाटेने तळेगावला कशी पोचली कुणास ठाऊक. बातमीला बैल लागत नाहीत. उंच, उन्हाने काळा पडलेला माणूस, डोक्याला पटका. जोडे दूर काढून तो आबाजींच्या झोपडीच्या दारात उभा राहिला. मी आत होते, पाण्याचा तांब्या घेऊन. आबाजी भिंतीला टेकून बसले होते. तीन दिवसांत त्यांचा चेहरा लहान झाला होता.

"राम राम जी," भाऊ म्हणाला. "आमच्या पोरीपायी तुमी उपाशी राह्यले. गावात तोंड दाखवाले जागा नाई राह्यली जी. मी नेतो तिले. तुमी जेवा."

आबाजींनी झटकन पाटी घेतली. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दोष माझा आहे. तिला नेऊ नका,' आणि पाटी त्याच्यासमोर धरली.

त्याला वाचता येत नव्हतं. त्याने पाटीकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले, पुढे झाला आणि वाकून पाटीवर डोकं टेकवलं. खडूची पांढरी भुकटी त्याच्या कपाळाला लागली.

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. वाच, म्हणून. मी वाचलं. माझा आवाज घशाच्या तळाशी होता, पण त्या दिवशी मी तो ओढून वर आणला. मी सांगते, मी वाचलं, दोन्ही वाक्यं वाचली. भावाने ती ऐकली. त्याचे डोळे पाण्याने भरले.

"देवमानूस हाय जी," तो मला म्हणाला. "पाहा ना बाई, दोष सोताच्या डोक्यावर घेऊन राह्यला. अन अशा देवमानसाले आमी उपाशी मारून राह्यलो."

आबाजींनी परत पाटी पुसली, परत लिहिलं, 'मी देवमाणूस नाही.' मी तेही वाचलं. भावाने कानाला हात लावले. ते जितकं लिहीत गेले तितके उंच होत गेले, आणि ते जितके उंच झाले तितकी वच्छला खाली गेली. त्यांच्याजवळ तोडायला मौन होतं. मी आजही विचार करते, त्या घटकेला त्यांनी ते तोडून साधं ओरडून सांगितलं असतं तर? त्यांचे ओठ हलले होते. मी पाहिलं. पण चाळीस वर्षांची सवय ओठांवर बसली होती. आणि तोडलं असतं तरी भाऊ म्हणाला असता, आमच्या पोरीपायी यायनं व्रतही मोडलं.

वच्छलाने गाठोडं आधीच बांधलं होतं. मी दारात उभी होते तेव्हा तिने आपल्या पेळूंची जुडी माझ्या हातात ठेवली. चांगले, स्वतः पिंजून केलेले पेळू.

"आता तुहं सूत तूच कातजो. तुटलं त जोडजो. टाकू नोको."

"वच्छला, जाऊ नकोस. उपवास आज संध्याकाळी सुटणारच आहे. तू गेलीस, राहिलीस, तरी सुटणारच आहे."

"तुले नाई समजत वं मडमबाई." ती हसली, पण फक्त तोंडाने. "मी इथं दिसली त त्याच्या घशात घास अटकंन. मी जातो. बुढा जेवंन."

नारायणकाकांनी भावाला गूळपाणी दिलं. गाडीत कडबा अंथरला होता. ती बसली, पाठ आमच्याकडे करून. उतरणीवरून गाडी गेली तेव्हा समोरून जिनाकडे जाणारी कापसाची रांग येत होती, आणि काही वेळ तिची रिकामी गाडी त्या भरल्या गाड्यांच्या मधून वाट काढत राहिली. मग दिसेनाशी झाली.

संध्याकाळी लिंबूपाणी तयार होतं. प्रार्थना झाली. काकांनी नावं पुकारली. एक नाव आलं नाही. आबाजींनी पाटी मागितली. त्यांना सगळं माहीत होतं, तरी त्यांनी वाट पाहिली होती की गाडी कुठेतरी वळेल. पाटीवर लिहिलं, 'एक मुलगी गेली. आणखी दोन दिवस.' लिंबूपाणी परत स्वयंपाकघरात गेलं.

म्हणजे ती गेली म्हणून ते जेवले नाहीत.

त्या संध्याकाळी मी वहीत एकच ओळ लिहिली: 'मी खरे लिहिले नसते तर ती इथे असती.' सकाळी वही परत आली. मी विहिरीच्या काठावर जाऊन, पाठ करून उघडली. शेरा नव्हता. माझ्या ओळीखाली फक्त एक निळा ठिपका होता, पेन्सिल टेकवून धरलेली असते तेव्हा उमटतो तसा. बराच वेळ टेकवलेली असावी. कागद तिथे थोडा खोल गेला होता.

उपवास सुटल्यावर ते मला पत्रं सांगत तेव्हा कधी कधी मध्येच थांबत. खोकला नसे. मी पेन धरून वाट पाही. मग ते म्हणत, "असू दे, मागच्या वाक्यावर जा."

ते गेले तेव्हा देशभर लिहून आलं. बहुतेकांनी शिक्षेविषयीच्या त्या पुस्तकाचा उल्लेख केला. मोठी माणसं लिहितात ते खोटं नसतं. त्या पुस्तकातलं एकही वाक्य खोटं आहे असं मला अजून वाटत नाही. फक्त त्यात तळेगावचा रस्ता कुठे नाही, आणि तो तिथे कसा घालायचा हे बहुधा त्यांनाही शेवटपर्यंत सापडलं नाही.

*

नारायणकाका आठ दिवसांनी परत आले. तोवर मी त्या पानाला हात लावला नव्हता. काका दमले होते, त्यांच्या धोतराला रस्त्याची धूळ होती, त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं आणि पाणी मागितलं. "परदेशी वाचकाला असला प्रसंगच भावतो, बेटा. मोठी तत्त्वं कुणी वाचत नाही."

मी सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, वर्गात एकटी असताना मी ते म्हणून पाहिलं होतं. पण ते समोर बसले, सत्तरीला आलेले, आयुष्य त्या माळावर घातलेले, आणि मी म्हटलं, "उद्या देते."

दिलं. इंग्रजीत ते पान मराठीपेक्षाही चांगलं उतरलं. हृदय पालटल्याचं वाक्य तर विशेष. माझी त्या हिवाळ्याची वही मात्र त्यांनी मागितली तेव्हा मी सापडत नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी मी प्रवासी मोटारीने तळेगावला गेले. तिला सांगायचं होतं, की तुझ्याबद्दल असं छापून येतं आहे. मी ते स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. तू काय म्हणशील ते म्हण. गावात विचारत गेले. बाजाराच्या पलीकडे त्यांचं शेत होतं. बाया वेचत होत्या. कमरेला बांधलेल्या फडक्यांच्या ओट्या कापसाने फुगलेल्या. त्यांतली एक सरळ झाली, डोळ्यांवर हात धरला.

"मडमबाई! अगं माय! रस्ता चुकली का काय वं?"

ती वाळली होती, उन्हाने भावासारखीच काळी झाली होती. हसणं तेच. बांधावर बसवलं, तुरीच्या भाजलेल्या शेंगा पुढे टाकल्या. "शाळेत शिकवते म्हने तू. पोरी आयकतात का तुहं? आवाज निंगते का?" मी म्हटलं, थोडा निघतो. तिला फार हसू आलं. बालवाडी निघाली होती गावात, आर्वीची कोणी बाई येते, असं तिने सांगितलं, शेंग सोलता सोलता. पोरं तिला ऐकत नाहीत, असंही. मी तिच्या बोटांकडे पाहत होते. बोंडाच्या वाळल्या पाकळ्यांनी टोकं फाटली होती.

मी दोनदा तोंड उघडलं. दोनदा ती काहीतरी वेगळं बोलली, किंवा मीच तिला बोलू दिलं. ऊन उतरू लागलं. परतीच्या मोटारीची वेळ झाली तशी ती माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली, ओटी तशीच बांधलेली.

"गेला म्हने बुढा," ती म्हणाली.

"हो. तीन वर्षं झाली."

तिने ओटीची गाठ घट्ट केली. मग हळू, जणू हे विचारणं शोभेल की नाही याची खात्री नसल्यासारखं म्हणाली, "एक इचारू? मी आली ना, त्या दिशी... संध्याकाळी जेवला होता ना बुढा?"

सहा वर्षं तिने हा प्रश्न जपून ठेवला होता. गावात विचारणार कुणाला? आणि टंकलेल्या पानात तर ती शुद्ध होऊन केव्हाच परतलेली होती.

मला पाटीवरची अक्षरं दिसली. लिंबूपाण्याचा पेला परत जाताना दिसला. वहीतला तो ठिपका दिसला.

"हो," मी म्हटलं. माझा आवाज स्वच्छ निघाला, पहिल्याच खेपेला. "तुझी गाडी उतरणीला लागली आणि लगेच. भाकर खाल्ली."

"भाकर? उपासावर भाकर?"

"आधी लिंबूपाणी. मग थोडी भाकर."

तिने दीर्घ श्वास सोडला. चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, मास्तरणीची नक्कल करताना उतरायचं तसं, आणि क्षणभर ती पदर नीट करून सरळ उभी राहिली.

"मंग झालं त," ती म्हणाली. "मंग बरं केलं मी."

मोटार आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ती शेताकडे परत चालली होती, भरभर, ओटी सावरत. अजून उजेड होता आणि दोन ओळी वेचायच्या राहिल्या होत्या.